माझ्या वाट्याचे पारवे

एअरगन घेईन, हे मी रागाच्या भरात बोलले. लोक रागात बोललेलं दुसऱ्या दिवशी विसरतात. मला ते पाळायची खोड आहे. सिंगापुरात तोआ पायोहमधल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, रविवारी सकाळी, ताटलीतले पोहे गार होत असताना, फोनवर दिसणाऱ्या धाकट्या भावाला मी ठणकावून सांगितलं, "पारवे आणि ससे माझे मी बघून घेईन. वेळ पडली तर बंदूक घेईन. पण सही करणार नाही."

आमच्या गावाकडे विहिरीच्या कपारीत राहणाऱ्या कबुतरांना पारवे म्हणतात. सहीचं प्रकरण मात्र जरा मागून सांगायला हवं.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. आई त्यांच्याही आधी गेलेली. खेड तालुक्यात आमची पाच एकर जमीन आहे. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली माझंही नाव लागलं. वर्षश्राद्धाला मी गेले. जेवणं उरकली, पत्रावळी उचलल्या गेल्या, आणि भावानं टाइप केलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. हक्कसोडपत्र. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडून द्यायचा आणि बदल्यात साडीचोळी आणि जन्मभराचं माहेर घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. कागदात लिहिलं होतं, 'राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय'. ते वाचताना माझ्याभोवती नऊ माणसं उभी होती. वहिनीच्या हातात साडीचा खोका तयारच होता. आवळा देऊन कोहळा काढायचा म्हणतात ना, इथला आवळा जरीकाठाचा होता एवढंच.

"वाचून सांगते," असं म्हणून मी कागद पर्समध्ये टाकला आणि विमानात बसले. साडी घेतली नाही. ती न घेतल्याचंच सगळ्यांना जास्त लागलं.

मला ती जमीन का हवी होती, हे मी तेव्हा कोणाला नीट सांगू शकले नाही. आता सांगते. आम्ही इथे चौदा वर्षं आहोत. नवरा मरीन इंजिनियर, सेम्बावांगला जहाजांच्या दुरुस्तीच्या कामावर. मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात. दर काही वर्षांनी इथे राहून काम करायचा पास वाढवून मिळतो की नाही म्हणून श्वास रोखून बसायचं. ज्या घरात राहतो तिथे भिंतीला एक खिळा ठोकायचा तरी घरमालकीणबाईंना मेसेज करावा लागतो. अख्ख्या जगात एकाच कागदावर जमिनीसमोर माझं नाव लिहिलेलं आहे, आणि ते पुसायला त्यांना माझीच सही हवी होती. बरी देईन!

तर त्या रविवारी भावानं नवीन मुद्दा काढला. "ताई, माळाकडचा तुकडा तू तुझा म्हणतेस. तिथे हरभरा पेरला की विहिरीतले पारवे उतरतात, दाणा वर राहिला की गेलाच. त्यातून जो उगवतो त्याचे शेंडे ससे खातात. राखण कोण करणार? सिंगापुरात बसून? उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत."

नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. पण तो स्वतः पुण्यात कंपनीत नोकरी करतो, महिन्यातल्या एखाद्या रविवारी शेतावर जाऊन फोटो काढतो. शेत वाटेकरी बघतो. राखण भाऊही करत नव्हता. फक्त मुलाला ते कोणी विचारत नाही. तेव्हा मी बंदुकीचं बोलले आणि फोन ठेवला. सोफ्यावर बसलेली माझी पंधरा वर्षांची मुलगी कानातला इअरफोन काढून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ममा, बनीला शूट करणार? सो क्रुअल, लाह."

"बनी नाही, ससा," मी म्हटलं. "आणि तो माझा हरभरा खातो."

हरभरा अजून पेरायचाच होता, ही गोष्ट वेगळी.

मला बंदुकीतलं अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. पुण्यात कॉलेजात असताना मी एनसीसीत होते. कॅम्पमध्ये पालथं पडून गोळ्या झाडल्या होत्या आणि माझा नेम बरा होता. पण त्याला तीस वर्षं झाली. आता कामाच्या सवयीनं मी एक्सेल उघडलं आणि पुण्याच्या दुकानांत मिळणाऱ्या सात एअरगन ओळीनं मांडल्या. वजन, लांबी, ताकद, छर्ऱ्याचा आकार, नळी मोडून भरायला किती जोर लागतो, दुर्बीण बसते की नाही. ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर घेताना आम्ही असाच तक्ता करतो. प्रत्येक रकान्याला गुण दिले, बेरीज केली, हिरवा-पिवळा रंग दिला. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तेच करत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईला वाटलं मी नवी नोकरी शोधतेय.

नवऱ्यानं तक्ता पाहिला आणि सगळ्यात आधी एकच गोष्ट बजावली, "इथे एअरगनसुद्धा हत्यार धरतात. परवान्याशिवाय घरात ठेवलीस तर पास सोड, तुरुंगात जाशील. काय घ्यायचं ते गावाला घे. इकडे पार्सल मागवू नकोस." मग त्याच्यातला इंजिनियर जागा झाला. त्यानं मला समजावून सांगितलं की या साध्या एअरगनमध्ये आत एक जाड स्प्रिंग असते. नळी मधून मोडून खाली ओढली की ती दबते, ट्रिगर ओढला की सुटते, आणि तिच्या धक्क्यानं दाबलेली हवा छर्रा ढकलते. जितकी ताकद जास्त, तितकी नळी ओढायला जड. "तुझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी जाम झाला होता," तो म्हणाला. "केस विंचरायला हात वर जात नव्हता. तुझ्या यादीत पहिल्या नंबरावर जी आहे ना, ती भरायला मलाही गुडघा लावावा लागेल."

"लावीन गुडघा," मी म्हटलं.

हट्ट म्हणजे हट्ट. घरात खरी बंदूक नको तर नको. मी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घेतला, पहिल्या नंबरच्या एअरगनच्या लांबीवर टेप चिकटवली, आणि वजन जुळावं म्हणून त्याला तांदळाच्या दोन पिशव्या बांधल्या. बाहेरच्या कॉरिडॉरच्या कठड्यावर कबुतरं बसतात. इथे त्यांना खायला घातलं तर दंड होतो, तशी पाटी खाली लिफ्टजवळच आहे, तरी ती कुठून ना कुठून खाऊन गुबगुबीत होतात. मी दांडा खांद्याला लावून एका कबुतरावर नेम धरला. वीस मोजेपर्यंत दांड्याचं टोक खाली झुकलं. तेवढ्यात शेजारची चिनी आंटी कुंड्यांना पाणी घालायला बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मॉपकडे पाहिलं, कबुतराकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुड, गुड. माय लाँड्री ऑल्सो दे डर्टी." सिंगापुरात मला मिळालेला तो पहिला पाठिंबा.

त्या संध्याकाळी मी पुण्यातल्या एका जुन्या बंदूकवाल्याला फोन लावला. माणूस निवांत आणि स्पष्ट बोलणारा होता. मी माझी पहिल्या नंबरची साडेपाच मिलिमीटरची बंदूक सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, तिला परवाना लागेल. साडेचारची, कमी ताकदीची घ्या. ओळखपत्र दिलंत की मिळेल. मारायचंय काय?"

"पारवे. आणि ससे."

"ससा वन्यप्राणी आहे. त्याच्यावर रोखलीत तर वनखातं दारात येईल. सशाला जाळी लावा, खालून दोन विती मातीत गाडून. आणि पारव्यांचंही, मी विकणारा असून सांगतो, मारण्याआधी वनखात्यात विचारून घ्या. लोक विचारत नाहीत आणि मग मला फोन करतात."

मी तक्त्यातला सशांचा रकाना पुसला. यादीतल्या चार बंदुकाही गेल्या, उरल्या तीन. एक मागच्या पिढीपासून चालत आलेली लाकडी दस्त्याची दणकट, तीन किलोच्या पुढची. एक तिच्यापेक्षा कमी ताकदीची. आणि एक सगळ्यांत हलकी, दुकानदार तिला 'शिकाऊ' म्हणत होता. मला अर्थातच दणकट हवी होती. शिकाऊ बंदुकीचा फोटो पाहून भाऊ काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

"बरं, चालवणार कोण?" दुकानदारानं विचारलं.

"मी."

"नंबर तर परदेशातला दिसतोय. पेरणीला येणार तुम्ही?"

मी फोन कानाला धरूनच तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. माझ्या एवढ्या रंगीत तक्त्यात अकरा रकाने होते. बंदूक धरायला शेतात माणूस कोण असेल, हा रकानाच नव्हता. ऑफिसात कोणी असा प्रस्ताव आणला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता.

मी चूक मान्य करणारी बाई आहे, पण लगेच नाही. आधी मी शनिवारी शूटिंग रेंजवर गेले. इथे नवख्या लोकांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तासभर एअर रायफल चालवू देतात, अशी एक जागा नवऱ्यानं शोधून दिली. मुलगी "क्रुअल नाही ना?" असं दोनदा विचारून सोबत आली. तिथली रायफल स्पर्धेची, माझ्या मॉपपेक्षाही जड, आणि उभं राहून मारायची. पहिले पाच छर्रे कागदावर कुठेही गेले, एक तर कागदावरच नव्हता. प्रशिक्षक तरुण, मवाळ बोलणारा. त्यानं माझं डावं कोपर बरगडीला टेकवलं आणि सांगितलं, "आंटी, डोंट फाइट द रायफल." आंटी म्हटल्याचा राग गिळून मी श्वास सोडला. तीस वर्षांपूर्वीचं काहीतरी खांद्यात परत आलं. शेवटचे पाच छर्रे मी सावकाश मारले. कागद सरकत माझ्याकडे आला तेव्हा ती पाच भोकं पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली असती. मुलगी म्हणाली, "वाह, ममा. स्केअरी, सिया." मला इतका आनंद झाला की मी तिला तिथेच मिठी मारली, आणि तिनं ती मारू दिली.

घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसून मी त्या कागदाचा फोटो काढला आणि माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. त्या ग्रुपवर पहाटे पाचपासून सुप्रभाताची फुलं पडत असतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी एक अंगठासुद्धा टाकला नाही. निळ्या खुणा मात्र सगळ्यांच्या झाल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

रात्रीचा स्वयंपाक चालू असताना आत्याचा फोन आला. ही माझ्या वडलांची थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढे, तालुक्याच्या गावी मुलाकडे राहते, सणासुदीला बोलणं होतं तेवढंच. मला वाटलं, आता ही समजूत घालणार. माहेर तुटेल, भावाचं मन मोडू नकोस, वगैरे. मी गॅस बारीक केला आणि कंबर कसली.

"तो भोकांचा कागद तुझा का गं?" तिनं विचारलं.

"माझा."

"जवळजवळ पडल्यात. बंदूक कशाला घेतेस?"

"माळाकडच्या तुकड्याची राखण करायला. पारवे येतात म्हणतो ना तुझा भाचा."

"त्या तुकड्याची राखण आधी कोण करायचं, ठाऊक आहे का तुला?"

"नाही."

"मी करायची. सातवीत शाळा सुटली माझी, तवापासून लग्न होईस्तवर. तुझा बाप दप्तर घेऊन शाळेत जायचा आन् मी गोफण घेऊन मचाणावर. विहिरीतनं पारव्यांचा थवा उठला की दगूड असा सोडायची की पाखराला लागायचा नाही, पण थवा पार ओढ्यापल्याड जायचा." ती हसली. "मग लग्न झालं. आमचे दादा वारले, तुझ्या आज्याचं म्हणतेय मी. दिवसकार्य झालं आन् तुझ्या बापानं कागद आणला. मी सही केली. हिरवी साडी दिली मला. चांगली होती साडी. तो माळाचा तुकडा माझ्या वाटणीचा होता."

कढईतली भाजी करपत होती, ती मी उतरवली आणि तिथेच खाली फरशीवर बसले.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नव्हतं. गेले कित्येक महिने मी 'माझी जमीन, माझा हक्क' म्हणून टाहो फोडत होते. रीत वाईट, भाऊ वाईट, वहिनीची साडी वाईट. आणि ज्या वडलांची मुलगी म्हणून मी हक्क सांगत होते, त्यांनी तो तुकडा याच रीतीनं, अशाच एका साडीवर घेतलेला होता. वडील माझे फार लाडके होते. मला शिकवलं ते त्यांनीच, एनसीसीत घातलं तेही त्यांनीच. तरीही त्यांनी ते केलं होतं. मला लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

"आत्या, तुला राग नाही आला?"

"आला की. अजून हाय. पण ज्याच्यावर काढायचा तो गेला. आता काय तुझ्यावर काढू?"

"काढ," मी म्हटलं.

"येडी का काय. बंदूक कंची घेतेस ते सांग."

मी तिला दणकट आणि शिकाऊ, दोन्ही समजावून सांगितल्या. नळी कशी मोडायची, कोणतीला किती जोर लागतो, कोणती किती लांब. ती मन लावून ऐकत होती, मध्येच "म्हंजी पाण्याच्या हापशासारखं का?" असं विचारत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "हलकी घे. माझ्या हाताला झेपंल अशी."

"तुझ्या?"

"मग कुणाच्या? तू येणार हायेस का तिकडनं? मला इथनं बसनं अर्ध्या तासाचा रस्ता हाय. पेरणी झाली की पंधरा-वीस दिवस राहीन मी तिथं. गुडघे गेलेत माझे, हात न्हाई गेलेले. आन् पारवं मारायचं न्हाई हां, आधीच सांगते. पत्र्याचा रिकामा डबा टांगायचा झाडाला, आन् छर्रा त्या डब्याला मारायचा. खणकन् वाजलं की थवा उठतो. चार दिवसांत पाखरू शहाणं होतं. माणसाला जास्त लागतात."

"आणि तुझा मुलगा? तो काय म्हणेल? आणि आमच्याकडचे सगळे?"

"म्हणू दे की. सही करताना कुणाला इचारलं न्हवतं मी. राखणीला कशाला इचारू?"

सोमवारी मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या खालच्या बाकावर बसून दुकानदाराला फोन लावला आणि आत्यालाही त्याच फोनवर जोडून घेतलं. शिकाऊ बंदूक सांगितली. दणकटीचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. चार दिवस तिच्यावर गुण उधळले होते. दुकानदार म्हणाला, जी बाई चालवणार तिनंच ओळखपत्र घेऊन दुकानात यावं, म्हणजे तो तिच्या हातानं नळी मोडून दाखवेल, झेपते का ते तिथेच बघता येईल. आत्या म्हणाली, गुरुवारी येते, बुधवारी दाढेचा डॉक्टर आहे. मग तो वहीत लिहून घ्यायला लागला. नाव. आत्यानं सांगितलं. वय. तेही तिनं न लपवता सांगितलं. वापर कशासाठी. "राखणीला," आत्या म्हणाली.

"शेत कोणाचं?" दुकानदारानं विचारलं.

मी तोंड उघडलंच होतं. या एका शब्दासाठी मी इतके दिवस भांडत होते, तो जिभेच्या टोकावर तयार होता. पण आत्या माझ्या आधी बोलली.

"आमच्या दोघींचं," ती म्हणाली.

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की दुकानदारानं पुढचा प्रश्न विचारलासुद्धा. मी तिला दुरुस्त केलं नाही.

फोन झाल्यावर मी बाकावरून उठले नाही. पुण्याच्या वकिलाला तिथूनच फोन केला. हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही हे त्याला आधीच माहीत होतं. आता मी विचारलं, माझ्या अडीच एकरांत आत्याचं नाव लावून घ्यायचं तर कोणकोणते कागद लागतील.

तो म्हणाला, "मॅडम, तुमचे भाऊ आधीच चिडलेले आहेत. हे ऐकून तर..."

"चिडू दे," मी म्हटलं. "कागदांची यादी आज संध्याकाळपर्यंत पाठवा."